शिखराची हमी

"ह्यात आपण चालायचं कुठे?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"आई, चालायचं नाहीच आहे. तोच तर फायदा आहे ना," सून म्हणाली. तिचं बोट फोनच्या पडद्यावर फिरतच होतं. घरून निघायच्या आधीपासून तिचं हेच चाललं होतं. कुठल्या सहलीला किती तारे, कोणी कौतुक केलंय, कोणी बोटं मोडलीत, कोणाच्या गाडीत थंड हवा आहे आणि कोणाच्या गाडीत नुसतीच खिडकी आहे, सगळं तिला तोंडपाठ होतं. लग्न जमवतानाही हिने एवढी चौकशी केली नसावी, असं बाईंच्या मनात आलं; पण मुलगा शेजारीच उभा होता, म्हणून त्यांनी ते मनातच ठेवलं.

डोंगराच्या पायथ्याशी असलेलं सहलवाल्यांचं ते ऑफिस होतं. भिंतीवर हेल्मेट घातलेल्या, दात दाखवणाऱ्या माणसांचे फोटो होते. काउंटरवरच्या मुलीने तीन रंगीत पत्रकं मांडली होती. पहिली सहल काचेच्या बसची, घाटातून वळणं घेत, बसल्या जागी सगळं दाखवणारी. दुसरी रोपवेची, तारेवर लटकणाऱ्या केबिनमधून थेट शिखरावर नेणारी. तिसरं पत्रक पायी सहलीचं, ते सुनेने अलगद बाजूला सारलं होतं. बाईंनी ते पुन्हा पुढे ओढलं.

"आजी, रोपवे घ्या," मुलगी म्हणाली. "तुमच्या वयाचे सगळे तोच घेतात. आत बसायचं, दार बंद, दहा मिनिटांत वर."

"दार कोण बंद करतं?"

मुलीला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "आत आमचा माणूस असतो ना. तोच उघडतो, तोच लावतो."

"मग नको," बाई म्हणाल्या.

मुलाने मान खाली घातली. त्याला कळलं होतं. सुनेलाही कळलं असावं, कारण बोट पहिल्यांदाच थांबलं.

बाईंचं सगळं आयुष्य लिफ्टमध्ये गेलं होतं. नवरा एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत लिफ्ट चालवायचा. तो अचानक गेला आणि त्याच्या जागेवर बाईंना घेतलं. मुलगा तेव्हा शाळेतही जात नव्हता. बाईमाणूस लिफ्ट चालवतं याचं लोकांना सुरुवातीला फार अप्रूप वाटलं. ते ओसरलं आणि त्या नुसत्या लिफ्टबाई झाल्या. एका कोपऱ्यात पाठ टेकून उभं राहायचं, जाळीचं दार ओढायचं, मजला सांगायचा. बसायला स्टूल मिळालं होतं, पण साहेब लोकांसमोर बसलेलं बरं दिसत नाही म्हणून ते जिन्याखाली पडून राहिलं. लोक म्हणत, बाई, तुमची मजा आहे, दिवसभर वर-खाली नुसता प्रवास. बाई हसत. दर मजल्याला दार उघडायचं आणि आपण सोडून सगळ्यांनी उतरायचं, याला प्रवास म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे.

इमारतीच्या गच्चीवरून म्हणे अख्खं शहर दिसायचं. तिथे कसल्या कसल्या पार्ट्या व्हायच्या. नटूनथटून आलेली माणसं बाईंनी किती वेळा वर नेली आणि झुलत्या पायांची खाली आणली, याला गणती नव्हती. नोकरीच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी गच्चीवर चहा ठेवायचं कबूल केलं होतं. ऐन वेळी तो कार्यक्रम तळमजल्यावर, लिफ्टच्या दाराशीच उरकला. हार गळ्यात पडतोय तोवर वरून कोणीतरी घंटी वाजवली, आणि बाई सवयीने आत शिरल्या. गळ्यातल्या हारासकट वर गेल्या आणि कुणाला तरी घेऊन खाली आल्या. हा किस्सा सांगून त्या घरात सगळ्यांना हसवत. मुलगा मात्र त्यावर कधी हसला नाही.

"आई, तुझे गुडघे," तो आता म्हणाला.

"उभं राहून गेलेत ते. चालून नाही गेले."

"पण तीच जागा, तेच शिखर. आम्ही वर असू, तूही वर असशील. कसं पोचलो याने काय फरक पडतो?"

"तुला नाही पडत," बाई म्हणाल्या, "मला पडतो. आयुष्यभर मला दोरीने वर नेलं आणि दोरीनेच खाली आणलं. एकदा तरी माझ्या पायांनी वर जाणार आहे. तुम्ही खुशाल रोपवेने जा, मला राग नाही."

त्यांना राग होता, आणि तो आवाजात उतरला होता. सून नरमली. तिने तिसऱ्या पत्रकाचे तारे तपासले आणि ते चांगले निघाल्यावर तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

काउंटरवरच्या मुलीने मग सगळं नीट समजावलं. पायी सहल सकाळी निघते. पुढे एक गाइड, मागे एक गाइड. अर्ध्या वाटेवर एक निवारा आहे. तिथे बारा वाजायच्या आत पोचलं, तर पुढची चढण चालू देतात. दुपारनंतर वर धुकं उतरतं, म्हणून त्यानंतर कोणालाही सोडत नाहीत. उशीर झालेल्यांना निवाऱ्यापासून रोपवेत बसवून वर नेतात. "त्यामुळे शिखर हमखास, आजी. आमची हमीच आहे तशी."

"बाराच्या आत पोचेन मी," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या तेव्हा मुलगा पहिल्या वळणापर्यंत सोबत आला. पाण्याची बाटली, गोळ्या, फोन, सगळं त्याने तपासलं. त्याच्या लहानपणी बाई त्याचं दप्तर असंच तपासत. मग तो मागे फिरला. बाईंनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो पुन्हा काहीतरी समजावत बसला असता.

चढण सुरू झाली. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला गवताचा उतार, मध्ये दोन माणसं जेमतेम शेजारी मावतील एवढी वाट. बाईंना दम लागत होता, पण तो लागायलाच हवा होता. गुडघे कुरकुरत होते. त्यांना बाईंनी मनातल्या मनात दटावलं. आपण टाकलेल्या पावलाने आपण वर सरकतो, ही गोष्ट त्यांना इतकी आवडली की मध्येच त्या एकट्याच हसल्या. मागची गाइड, लाल टोपीवाली एक तरुण मुलगी, जवळ आली.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही. बरं वाटतंय."

पण ऊन डोक्यावर यायला लागलं तसा गट पुढे निघून गेला. पुढच्या वळणावर दिसणारे रंगीबेरंगी पाठपिशव्यांचे ठिपके दिसेनासे झाले. त्यांच्या मागून निघालेले दुसऱ्या कंपनीचे लोकही पुढे गेले. गाइड घड्याळ बघत होती, आणि बाईंनी ते पाहिलं.

"मी फार हळू चालते का गं?"

गाइड जरा घुटमळली. "खरं सांगू का? तुम्ही हळू चालतच नाही. चालता तेव्हा चांगल्या चालता. पण मागून कोणीही आलं की तुम्ही कातळाला पाठ लावून उभ्या राहता. सगळे जाईपर्यंत. शेवटचा माणूस गेला तरी अजून कोणी येतंय का ते बघता, आणि मग निघता. आपला अर्धा वेळ त्यात गेलाय."

बाई जागच्या जागी थांबल्या. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. कोपऱ्यात पाठ टेकायची, सगळे बाहेर पडेपर्यंत थांबायचं, आणखी कोणी धावत येतंय का ते बघायचं आणि मगच दार ओढायचं. इथे ना दार होतं ना कोपरा, तरी त्यांचं अंग ते काम इमानेइतबारे करत होतं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. गुडघ्यांनी दगा दिला असता तर समजून घेता आलं असतं.

"आता नाही थांबणार," त्या म्हणाल्या आणि तरातरा निघाल्या.

थोडा वेळ खरंच नाही थांबल्या. मग मागून हसण्याबोलण्याचा आवाज आला. कॉलेजातल्या मुलामुलींचं टोळकं होतं. बाईंनी ठरवलं होतं, दात आवळून ठरवलं होतं. आणि तरी टोळकं जवळ आलं तेव्हा त्यांची पाठ कातळाला टेकलेली होती.

"या, या," त्या म्हणत होत्या.

टोळकं गेलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पदराने पुसलं आणि पुढचं पाऊल टाकलं.

निवाऱ्याशी पोचल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. फार नाही, थोडेच. त्यांचा गट निवाऱ्यातली बाकं सोडून पुढच्या चढणीला लागला होता, आणि चढणीच्या तोंडाशी आडवी साखळी लावलेली होती. बाईंनी साखळीकडे पाहिलं, मग गाइडकडे पाहिलं. "जाऊ दे ना मला. ही बघ, मी आता थांबणार नाही कुठे."

"मावशी, माझ्या हातात असतं तर सोडलं असतं. धुक्यात वाट दिसत नाही. मागच्याच मोसमात एक जण घसरलाय तिथे." मुलगी खरंच कळवळून बोलत होती, म्हणून बाईंनी हुज्जत घातली नाही.

निवाऱ्याच्या अंगाला रोपवेचा थांबा होता. एक केबिन खालून आली आणि उभी राहिली. दार उघडलं. आत थोडी माणसं होती आणि कोपऱ्यात पाठ टेकून गणवेशातला एक वयस्कर माणूस उभा होता, एक हात कडीवर, नजर कुणाकडेच नाही. बाईंनी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. तरी ते उभं राहणं त्यांना पाठ होतं.

"या, ताई," तो म्हणाला. "एकाची जागा आहे."

"वर कसं आहे हो, दादा?"

"छान म्हणतात सगळे."

"तुम्ही नाही पाहिलं?"

"दारातून दिसतं तेवढं. माणसं उतरली की लगेच माणसं चढतात. मला कुठलं उतरायला मिळतंय."

गच्चीबद्दल कोणी विचारलं की बाई अगदी हेच सांगायच्या. आतली माणसं घड्याळं बघायला लागली.

"मावशी, चला ना," गाइड म्हणाली. "पाच मिनिटांत वर. तुमचा मुलगा वाट बघत असेल. शिखर गाठल्याचं सर्टिफिकेटही मिळतं."

"शिखर गाठलं कोणी? ह्या तारेने. सर्टिफिकेट तिला द्या."

केबिनमधलं कोणीतरी हसलं. दादाही ओठांतल्या ओठांत हसला.

शिखर बघायची बाईंना इच्छा नव्हती असं मुळीच नाही. फार होती. एवढ्या जवळ येऊन ते दिसणार नव्हतं आणि पुन्हा इथे येणं काही होणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं. छातीत दुखावं इतकं वाईट वाटत होतं. पण त्या उघड्या दारातून आत पाऊल टाकायचं म्हटलं की पाय उचलत नव्हता, आणि आज त्यांनी पायांचंच ऐकायचं ठरवलं होतं.

"मी नाही येत," त्या दादाला म्हणाल्या. "लावा तुम्ही दार. आणि एकदा उतरून बघा हो वर. तुमच्यावाचून लोक अडून राहिले तर राहू देत घटकाभर."

दादाने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. दार लागलं आणि केबिन एक जागा रिकामी घेऊन वर गेली.

"आता काय करायचं?" गाइडने विचारलं. "आमची तर शिखराची हमी आहे. ऑफिसला काय सांगू?"

"सांग, आजी हट्टी निघाली. खाली जाते मी, चालत."

"एकटीला नाही सोडता येणार."

"मग ये माझ्यामागे."

गाइडने वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं, पलीकडून कोणीतरी वैतागून काहीतरी बोललं, आणि तिने तो सरळ बंदच केला. दोघी उतरायला लागल्या. थोड्या वेळाने बाईंच्या पिशवीतला फोन वाजला.

"आई, केबिन आली. सगळे उतरले. तू कुठेयस?" मुलाचा आवाज वाऱ्यात तुटत होता.

"खाली निघालेय."

"खाली? अगं, इथून निवारा दिसतोय. पाच मिनिटांवर होतीस तू."

"माहितीये."

मग तो म्हणाला, "आम्ही तुझ्यासाठी कठड्यापाशी जागा धरून ठेवली होती."

एका हाताने कातळ धरून बाई पुढची पायरी उतरल्या. "तुम्ही बघा. गेलाच आहात तर नीट बघा सगळं, आणि रात्री मला सांगा. पण परत असं विचारू नकोस, की कसं पोचलो याने काय फरक पडतो."

"नाही विचारणार," मुलगा म्हणाला.

त्यांनी फोन पिशवीत टाकला. वाट अरुंद होती. समोरून एक आडदांड माणूस दोन्ही हातांत काठ्या टेकत वर येत होता. उशीर झाल्याचं त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो बाईंसमोर येऊन थांबला.

"जरा बाजूला होता का, मावशी?"

बाईंची पाठ वळायला लागली होती. एक खांदा कातळाला लागलासुद्धा. तो त्यांनी सोडवून घेतला.

"नाही," त्या म्हणाल्या.

माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, मग मागच्या गाइडकडे पाहिलं. शेवटी तो काठ्या सावरत गवतात उतरला. गाइड त्याची माफी मागत होती, ते बाईंना मागून ऐकू आलं. वाटेच्या मधोमध त्या उतरत राहिल्या.