चार वाजून दहा मिनिटं

“मुलगी दारातून आत आली, तेव्हा चार दहा.” मुख्याध्यापिका बाईंनी अल्बमच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि पान उलटलं. “लग्न लागलं, चार दहा. जेवणं झाली, चार दहा. मुलगी निघाली, तरी आपले चार दहाच.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “बरंच झटपट उरकलंत तुम्ही.”

हॉलबाईने वाकून पाहिलं. प्रत्येक फोटोत स्टेजच्या वर ते गोल घड्याळ होतं, ताटाएवढं. ते केव्हा बंद पडलं हे कुणाला आठवत नव्हतं. एकोणीस वर्षं ती त्याच हॉलच्या बुकिंगच्या खिडकीत बसली, पण आपल्या नाकाकडे आपण कुठे बघतो? तसं तिला ते घड्याळ दिसेनासं झालं होतं. आणि बाई पडल्या शाळेचं वेळापत्रक आखणाऱ्या. त्यांना नवरी दिसायच्या आधी काटे दिसले.

एकोणीस वर्षांत हॉलबाईने काय नव्हतं पाहिलं! रुसलेल्या काकांना तिने खुर्चीसकट उचलून पहिल्या रांगेत आणून ठेवलं होतं. ऐन वेळी गायब झालेल्या नवरदेवाला न्हाव्याच्या दुकानातून अर्ध्या मिशीनिशी धरून आणलं होतं, आणि उरलेली अर्धी मिशी स्वतःच्या काजळाने काढून दिली होती. फोटोत कोणती खरी आणि कोणती काजळाची हे त्याच्या सासूलाही ओळखता आलं नाही म्हणतात. पण खिडकीची जागा कॉम्प्युटरने घेतली, लोक घरबसल्या हॉल ठरवू लागले आणि हॉलबाईला निरोपाचा गुच्छ मिळाला. तोही सकाळच्या लग्नातला उरलेला.

मग तिने ठरवलं, आपणच लोकांची लग्नं पार पाडून द्यायची. अवघं लग्न, फुलांपासून रुसव्यांपर्यंत. कार्डं छापली, दारावर पाटी लावली. माणसं येत, सगळं ऐकून घेत आणि शेवटी एकच विचारत, आधी केलेली लग्नं दाखवा. हजारो लग्नं तिच्या डोळ्यांदेखत लागली होती, पण एकाही फोटोत ती नव्हती. ती खिडकीत होती.

असे सात महिने गेले. मोठा भाऊ येऊन सांगून गेला की या महिनाअखेर काम आलं नाही तर घर बंद करायचं. हॉलबाईने त्याच्याकडे यायचं, आणि धाकट्या बहिणीने अंथरुणाला खिळलेल्या मावशीचं करायला तिच्या गावी जायचं. तो वाईट नव्हता. बोलताना खाली बघत होता. दोघी बहिणी जन्मात आठवडाभरही वेगळ्या राहिल्या नव्हत्या. थोरलीला एकटीला झोप लागत नसे, आणि धाकटी एकटी असली की जेवत नसे. त्या दिवसापासून धाकटी शेजारी असूनही थोरलीची झोप उडाली. ती भिंतीकडे तोंड करून पडे आणि धाकटीला वाटे, ताई झोपली.

शेवटी तिने फोटोंपुरतं एक खोटं लग्न लावलं.

सकाळचं लग्न उरकल्यावर संध्याकाळच्या लग्नाआधी हॉल दोन तास रिकामा असे. वॉचमनने डोळेझाक केली. सकाळची फुलं जागच्या जागी होती. झाडूवाल्या, भांडीवाल्या, खुर्च्या लावणारे असे पंधरा जण पाहुणे झाले. कपडे बदलून बदलून त्यांनी दीडशेंचं काम केलं. नवरदेव म्हणून दिवेवाल्याला शिडीवरून खाली उतरवून कोट चढवला. त्याने आधी बायकोला फोन करून परवानगी काढली. आणि नवरी धाकटी. बेचाळीस वर्षांची. तिला बघायला तीनदा माणसं आली होती, चौथ्यांदा कुणी आलं नाही. मग कुणी तो विषय काढला नाही.

धाकटी आरशासमोर बसली, तेव्हा सगळे हसत होते. ती पोशाख करून बाहेर आली आणि कुणी हसेना. फोटो संपताच दिवेवाला कोट काढून शिडीवर चढला. धाकटी मात्र तशीच स्टेजवर बसून राहिली, संध्याकाळची माणसं येईपर्यंत.

आणि आता महिना संपायला चार दिवस राहिले होते आणि बाई काट्यांवर बोट ठेवून बसल्या होत्या. हॉलबाईने तोंड उघडलं. भलत्यासलत्या थापा मारून अख्ख्या वऱ्हाडाला गुंडाळणारी ती, तिने नुसतं एक पान मागे उलटलं. तिथेही चार दहाच.

“घड्याळ मीच बंद करायला लावलं होतं.”

धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे.

“तुमचं लग्न हे?”

“हो.”

“घड्याळ कशाला बंद केलंत?”

धाकटीने कप ठेवला. तो जराही वाजला नाही. “एकदाच व्हायचं होतं. म्हटलं, संपायला नको.”

बाईंनी यजमान काय करतात ते विचारलं. दिव्यांची कामं, असं धाकटीने सांगितलं, आणि तेवढं खरंच होतं. बाईंची नजर दाराकडे गेली. तिथे त्यांच्या स्वतःच्या चपलांशेजारी आणखी दोनच जोड होते, दोन्ही बायकांचे, दोन्ही झिजलेले. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी चहा संपवला, अल्बम मिटला आणि थोरलीला न देता धाकटीच्या हातात दिला.

“माझ्या मुलीचं लग्न त्याच हॉलमध्ये आहे,” त्या हॉलबाईला म्हणाल्या. “तुम्हीच करा. पण ते घड्याळ चालू पाहिजे. मला सगळं मिनिटाला मिनिट लागतं.”

बाई गेल्यावर थोरलीने भावाला फोन केला. काम मिळालं, असं तिने त्याला दोनदा सांगितलं. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली तर धाकटी तोच एक कप पुन्हा पुन्हा विसळत होती. रागावलीस का, असं थोरलीने विचारलं. त्यात काय रागवायचं, धाकटी म्हणाली, आता मावशीकडे जायला नको ना.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला दोघी हॉलवर पोचल्या. फुलं यायची होती. दिवेवाला एका कोपऱ्यात वायरी सोडवत होता. त्याने दोघींना मान डोलावून ओळख दिली आणि पुन्हा वायरींत डोकं घातलं. हॉलबाईने शिडी मागितली तर धाकटी म्हणाली, “मी चढते. तू धर.”

तिने घड्याळ उतरवून घेतलं, पदराने काच पुसली, नवा सेल घातला. टिक टिक सुरू झाली. रिकाम्या हॉलमध्ये ती फार मोठी वाटत होती.

“सात वाजून वीस झालेत,” थोरली खालून म्हणाली. “काटे फिरव आणि उतर. फुलवाला येईल.”

“थांब गं ताई. एक मिनिट होऊ दे.”

थोरली शिडी धरून उभी राहिली. तिने वर पाहिलं नाही.

चार अकरा झाले. मग धाकटीने काटे पुढे सरकवले आणि घड्याळ खिळ्याला लावलं.