टीव्हीखालचा कॉम्प्युटर

रोहितने जुना कॉम्प्युटर टीव्हीखाली मांडला, तेव्हा पल्लवीला त्याचं कौतुकच वाटलं होतं. बाहेरून आलेली नेटची वायर त्याच्यात शिरली, दुसरी निघून वायफायच्या डबीला गेली. वेगळा राउटर कशाला, घरातलं सगळं नेट आता याच्यातूनच जाईल, असं त्याने समजावलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तो नोकरीला होता आणि असल्या खटपटींची त्याला हौस होती. वायफाय आहेच म्हणून त्याने पल्लवीच्या मोबाइलचं रिचार्ज बंद केलं.

मग एकदा जेवताना त्याने सहज विचारलं, "नर्सिंग कॉलेजच्या साइटवर काय शोधत होतीस?"

पल्लवीने हातातला घास ताटात ठेवला. हे ती कुणाशीच बोलली नव्हती. कुठल्या फोनवर कुठली साइट उघडली ते कॉम्प्युटरवर कळतं, हेही त्यानेच सांगितलं. आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो कामावर निघाला की तिच्या फोनचं नेट बंद व्हायचं आणि तो परतला की सुरू व्हायचं. चांदवडला आईशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं तेही त्याच्यासमोर. आई विचारायची, बरी आहेस ना? पल्लवी मान हलवायची. वायर उपटून टाकायला हात शिवशिवायचे, पण नेट तुटलं की त्याला कामावर लगेच कळत होतं.

तिच्या सासूबाई चतुराबाई हे सगळं बघत होत्या. एका दुपारी मेथी निवडताना त्यांनी आपला बटणांचा फोन पुढे केला.

"याच्यातलं दिसतं का गं त्याला?"

"नाही आई. याला नेट लागतच नाही."

"मग लाव कालेजात. मी हाय हितं."

कॉलेजने मूळ कागदपत्रं घेऊन बोलावलं. कागदपत्रं चांदवडला, माहेरी होती. चतुराबाईंच्या फोनवरून निरोप गेला आणि पल्लवीचा भाऊ मयूर ती घेऊन थेट कॉलेजच्या फाटकाशी आला. चतुराबाई सोबत गेल्या. प्रवेश झाला.

संध्याकाळी पल्लवीने स्वतःच रोहितला सांगितलं. तो उठला आणि कॉम्प्युटरसमोर बसला. तिच्या फोनचं नेट गेलं.

"मीच नेलं तिला," चतुराबाई म्हणाल्या. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर ते नेट आलंच नाही आणि तिने मागितलंही नाही. कॉलेज सुरू व्हायला आठवडा आहे. रोहित जा म्हणत नाही, जाऊ नको म्हणत नाही. पल्लवी रोज त्याचा डबा भरून देते, आणि युनिफॉर्मचं माप द्यायला शिंप्याकडे कधी निघावं याचा विचार करत ओट्याशी उभी राहते.