चंदाची ड्युटी

"बोल, किती शब्द आठवले?" दवाखान्यातल्या नसीमबानो मॅडमनी विचारलं.

चंदा व्यायामाच्या सायकलवरून नुकतीच उतरली होती. अजून धाप लागत होती. तेवढ्यात समोरच्या कॉम्प्युटरवर दहा शब्द एकामागून एक आले आणि गेलेही.

"कंदील, विहीर... लिंबू..." तिनं डोळे मिटले. "आन् टोपी."

"अजून?"

"नाही येत मॅडम. हाती लागते आन् सरकून जाते."

"चार झाले. मागच्या हप्त्यात तीनच होते. चल बेटा, पुन्हा."

चंदाला तो कॉम्प्युटर उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला. याच डोक्यानं तिनं दोन वर्षं तेल्हारा–अमरावती गाडीवर कंडक्टरकी केली होती. अकोटला चढलेल्या चाळीस माणसांत कोण कुठं उतरणार, हे ती तिकिटाच्या मशीनकडे न बघता सांगायची. कुणाला डुलकी लागली, तर त्याचा थांबा यायच्या आधी खांद्याला हात लावून उठवायची. वय होतं चोवीस.

गेल्या दिवाळीनंतर तिची झोप उडाली. मग इंजिनाच्या घरघरीत दोन माणसं तिच्याबद्दल बोलू लागली. आधी हळू, नंतर तिचं नाव घेऊन. एका दुपारी आसेगावच्या पुढं तिनं घंटीची दोरी ओढली ती सोडलीच नाही. दारात उभी राहून ओरडली, "उतरा सगळे! गाडीले आग लावून राहिले ते!"

ड्रायव्हर जहीरभाईंनी गाडी कडेला घेतली. "टायर पाहतो, उतरा जरा," असं त्यांनी प्रवाशांना सांगितलं. चंदाला त्यांनी लिंबाखाली बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि ते तिच्याजवळ बसून राहिले.

घरच्यांनी पाच महिने बाहेरची बाधा समजून गंडेदोरे केले. आई रुख्मिणी तिला घेऊन गावोगाव फिरली. त्या साली कापूस सलग तिसऱ्यांदा बुडाला होता. शेजारच्या गावात दोघांनी विष घेतलं, म्हणून सरकारी दवाखान्याच्या बाया घरोघर विचारत फिरत होत्या. त्यांनी चंदाच्या वडिलांना, भगवंतरावांना, ओसरीवर बसवून विचारलं, "काका, झोप लागते का? जीव नकोसा वाटते का?"

"माहं राहू द्या," भगवंतराव म्हणाले. "आत चला. माह्या पोरीले पाहा."

असा अकोल्याचा दवाखाना मिळाला.

औषधानं आवाज विरळ झाले, मग थांबले. पण पाय थांबेनात. खाटेवरून दारापर्यंत, दारातून चुलीपर्यंत, पुन्हा खाटेपर्यंत. बसलं की पिंढऱ्यांत काहीतरी वळवळायचं, उभं राहिलं की चालावंसं वाटायचं. डॉक्टरांनी गोळी बदलली तेव्हा कुठं ते कमी झालं. मग ते म्हणाले, "आवाज औषधानं गेले. पण लक्ष आणि आठवण मागं पडली आहे. ती कसरतीनंच परत येईल, अंगाच्याही आणि डोक्याच्याही." आठवड्यातून तीन दिवस सायकल आणि कॉम्प्युटर, उरलेले दिवस घरी दम लागेपर्यंत चालायचं. तिथं येणारी सगळी पोरं-पोरी तिच्याच वयाची होती. कुणाचं कॉलेज अर्ध्यावर राहिलं होतं, कुणाचं लग्न.

गावात जवान मुलगी कामाशिवाय भरभर चालते, हे कुणाला पटणार?

"लोक काय म्हनतीन व?" रुख्मिणीनं विचारलं.

"म्हनू दे. गाडी थांबवली तवा काय कमी म्हनले?"

दुसऱ्या दिवशी रुख्मिणीनं डोक्यावर रिकामं टोपलं घेतलं, हातात विळा घेतला. मायलेकी वावरात निघाल्यात असं दिसायला हवं. चंदा पुढं, आई धापा टाकत मागं. पांदणीच्या टोकापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. महिनाभरानं कुणी विचारलं, "रोज टोपलं रिकामंच कसं व रुख्मिणी?" तेव्हा तिनं टोपलं घरी ठेवलं आणि नुसत्या हातांनी चालू लागली.

कसरतीच्या चौथ्या महिन्यात सात शब्द आले. डॉक्टरांनी कागद दिला : कामावर जाऊ शकते, सुरुवातीला हलकं काम द्यावं.

डेपोत मॅनेजरसाहेबांनी कागद दोनदा वाचला. चंदा कडक इस्त्रीचा खाकी ड्रेस घालून आली होती. गाडीवर जायचं, एवढंच तिच्या मनात होतं. जहीरभाई खास ड्युटी बदलून आले होते.

"साहेब, माह्या गाडीवर द्या पोरगीले. मी हाव ना."

"अकोटपर्यंतची फेरी देऊन बघतो," साहेब म्हणाले. "नाहीतर चौकशीची खिडकी रिकामी आहे. तुम्हीच सांगा, चंदाताई."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. दारातून मेकॅनिक क्लचचं सांगू लागला. बाहेर कुणीतरी हॉर्नवरचा हात काढेना. "काही टेन्शन नोको घेऊ बेटा," जहीरभाई म्हणत होते. चंदाला सगळं ऐकू येत होतं, पण कुठला शब्द कुणाचा, हे लागत नव्हतं. साहेबांनी तिला काहीतरी विचारलं. ते तिच्या तोंडाकडे पाहत थांबले, तेव्हा तिला कळलं की उत्तर द्यायचंय.

तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. आता हो म्हटलं तर उद्या पहाटे ती गाडीवर असेल.

"मले खिडकी द्या, साहेब."

"काऊन व?" जहीरभाईंचा आवाज चढला. "मी बोललो ना!"

"भाई, आत्ता तुमी सगळे एकदम बोलले, तं मले कोनाचंच नीट समजलं नाही. गाडीत साठ जन बोलतेत. एखादं लेकरू दारात असताना मी घंटी देल्ली तं?"

जहीरभाईंनी टोपी काढून हातात घेतली.

"आणि पुढं?" साहेबांनी हळूच विचारलं.

"पुढं पाहू. माही कसरत चालूच हाय."

सोमवारी ती खिडकीत बसली. पुढ्यात वेळापत्रक, हाताशी माईक. सकाळी सव्वानऊला फलाटाला गाडी लागली. चंदानं बटण दाबलं.

"तेल्हारा–अमरावती. हिवरखेड, अकोट, अंजनगाव, परतवाडा, आसेगाव, वलगावमार्गे अमरावतीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे."

बाकावरची एक म्हातारी पिशवी घेऊन उठली होती. ती थबकली, भोंग्याकडे बघून पुन्हा खाली बसली. चंदानं वेळापत्रकावर बोट ठेवून एकेक नाव वाचलं. एक नाव सुटलं होतं. आजूबाजूला कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. कागद उलटा ठेवून पुढची गाडी पुकारता आली असती.

तिनं पुन्हा बटण दाबलं.

"पथ्रोट राहिलं माह्याकून. गाडी पथ्रोटले थांबते. उठा आजी, बसून घ्या."

म्हातारी उठली. आवाज कुठून आला हे न बघताच, पिशवी सावरत, गाडीत चढली.