चार बोटं

कबड्डीतलं मला कोणी काही शिकवायचं नाही, हा माझा तोरा. उरणच्या आमच्या कॉलेजात सव्वीस वर्षं पोरांना खेळवतोय. त्यामुळे कॉलेजातली कबड्डी आणि तिच्यावरचा सट्टा यांवर सिनेमा काढणारी मंडळी आमच्या मैदानावर उतरली, तेव्हा मी खुर्ची टाकून बसलो तो हसायलाच.

पण हसू काही आलं नाही. दुपार ढगाळ होती, आणि त्या लोकांनी क्रेनवर दिवे चढवून मैदानावर ऊन पाडलं. खरोखरचं ऊन, सावल्यांसकट! मी आ वासून बघत राहिलो.

दिग्दर्शिका श्रुती नावाची, तिशीतली. आवाज असा की दोनशे माणसं गप्प. तिला हवा होता एकच प्रसंग. नायक शेवटची चढाई विकतो, मुद्दाम पकडला जातो.

"त्यानं मॅच विकली हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे," ती म्हणाली, "आणि कोचला अजिबात कळता कामा नये."

नायक तांदळाच्या गोणीसारखा पडत होता. आठ वेळा पडला आणि आठही वेळा शेंबड्या पोरालाही कळावं असा पडला. शेवटी तिनं केतनला सांगितलं, "तुम्हीच दाखवा."

केतन माझा सगळ्यात गुणी विद्यार्थी. खेळाडूंच्या कोट्यातून बंदरात नोकरीला लागलाय. सिनेमातल्या पोरांना खेळ शिकवायला रजा काढून आला होता. त्यानं मध्यरेषेला हात लावला, कपाळाला लावला आणि आत शिरला. कोपऱ्यातल्या गड्यानं घोटा धरला. मग तिघं अंगावर. तरी केतन त्या तिघांना ओढत रेषेकडे सरकला, पालथा पडला, हात ताणला, आणि जरासाच कमी पडला. माझ्या अंगावर काटा आला. मी कधी उभा राहिलो ते मलाच कळलं नाही. काय खेळाडू घडवलाय मी!

सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. श्रुती तेवढी धावत आली.

"मूठ!" ती म्हणाली. "हात पूर्ण ताणलात, पण मूठ उघडलीच नाहीत. कसली भन्नाट युक्ती! कुठून सुचली?"

केतननं तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्याचं तोंड उतरलं होतं. आणि मला जिमखान्यातला फोटो आठवला.

तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याची आंतरमहाविद्यालयीन फायनल आम्ही एका गुणानं हरलो. शेवटची चढाई केतनची. पकडला गेला, हात रेषेपाशी येऊन थांबला. चार बोटांनी चषक गेला, असं सगळं उरण हळहळलं. त्या क्षणाचा फोटो मी जिमखान्यात लावलाय. दसऱ्याला खेळाच्या सामानाची पूजा होते, तेव्हा त्याच्या चौकटीत झेंडूचं फूल मी स्वतः खोचतो. दर वर्षी नव्या पोरांना ती वळलेली मूठ दाखवतो आणि म्हणतो, "बघा, याला म्हणतात झुंज!"

चार बोटं. ती त्या मुठीतच होती.

त्याच फोटोत मागे बाद होऊन बाकावर बसलेला हरेश आहे, करंजाच्या कोळीवाड्यातला. बसलेला नाही, ताडकन उभा आहे आणि उघडा पंजा हवेत ताणलाय. सामना विकला गेल्याची बोंब उठली, तेव्हा मी याच पंजावर बोट ठेवलं होतं. सट्टेवाल्यांना खूण करत होता, असं ठरवून टाकलं. हरेश एवढंच म्हणाला होता, "सर, मी त्याला 'बोटा उघर' सांगत व्हतो." मी त्याच्या थोबाडीत मारली. संघातून काढलं, जिल्हा संघटनेला लिहून कळवलं. त्याचा खेळ तिथंच संपला. कोट्यातली नोकरी मग कोण देतो?

मी मैदानात उतरून केतनजवळ गेलो.

"किती वेळा सराव केलास याचा?"

"एकदाच, सर," तो म्हणाला आणि रेषेवरच खाली बसला. "फायनलला."

त्याला मारायला माझा हात उठला नाही. एकदा चुकीच्या गालावर पडलेला हात होता तो.

जिमखान्यात जाऊन फोटो उतरवला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, मी तर कळशाची पूजा करत होतो. पण मी थक्क झालो ते केतनमुळे नाही, त्या दिव्यांच्या उन्हामुळेही नाही. थक्क झालो हरेशमुळे. 'पण त्यानं उघडली नाहीत' हा वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्या पोरानं तीन वर्षं गिळून ठेवला होता. एवढा दम मी कुणाला शिकवलेला नाही.

तसाच स्कूटरवर द्रोणागिरीला गेलो. हरेश तिथं कंटेनरच्या यार्डात कामाला आहे. नारिंगी जाकीट, डोक्यावर हेल्मेट. मला बघून आधी तो वाकून पाया पडायला गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हरेश, चुकलो रे मी," मी फोटो पुढे धरून म्हणालो. "केतन कबूल झालाय. संघटनेला आजच पत्र लिहितो. सगळ्या पोरांसमोर सांगतो."

त्यानं काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसली. मुठीजवळ अंगठा थांबला.

"पण तू पुढचं बोलला का नाहीस? केतननं विकली, एवढंच म्हणायचं होतं."

"फोटू तुमीच लावलेला ना, सर. रोज बगत व्हतात," तो म्हणाला. "मना वाटला, आज नाय तं उद्या दिसंल. कबड्डीतला तुमाला कोन शिकवनार?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.