माझ्यावर वसलेलं बगदाद

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा थाळ आहे. माझी कलई उडाली आहे, काठाला पोचे आले आहेत, तरी मला साधंसुधं भांडं समजू नका. एकेकाळी माझ्यावर राजधानी वसली होती!

माझा जन्म रत्नागिरीचा. जुलेखाबाईंच्या लग्नात मला घरात आणलं आणि पुढे त्यांच्याबरोबर मी बोटीने दुबईला आलो. वाटेत सगळ्यांना बोट लागली, मला नाही. याचा मला अजून अभिमान वाटतो.

१९६४ साली बाई घरातच आपल्या कोकणी मंडळींच्या अकरा मुलांना शिकवत. जागा इतकी अपुरी की दोन मुलं दाराबाहेर बसत. जमातीतले वडीलधारे बदरुद्दीनचाचा यांच्या गोदामावर एक खोली रिकामी होती. ते म्हणाले, "मुलं काय शिकतात ते दाखवा, बाई. पसंत पडलं तर खोली तुमची. नाही तर क्लास खलास!"

धडा होता खलीफा मन्सूरने वसवलेल्या गोल बगदादचा. गोल शहरासाठी माझ्याइतकं योग्य कोण? बाईंनी माझ्यावर शिऱ्याचे तट उभारले, खजुरांचे चार दरवाजे केले, मधोमध बदामांचा राजवाडा बांधला. मग मुलांना तयार करायला त्या आत गेल्या.

तेवढ्यात चाचा तीन मित्रांना घेऊन आले. त्यांचा तरी काय दोष? आमच्याकडे थाळ मांडलेला दिसला की चौघांनी भोवती बसायचं आणि बिस्मिल्ला म्हणून त्याच थाळातून खायला लागायचं.

बाई बाहेर आल्या तेव्हा तट ढासळले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं.

त्यांच्या मागून आलेल्या मुलांतली सात वर्षांची जहांआरा मात्र ओरडली, "अंकल, दॅट वॉज खुरासान गेट!"

चाचांचा घास हातातच राहिला. "तौबा! मैं समझा नाश्ता है. मग या तय्यबने काय खाल्लं?"

"बसरा गेट."

"जहूरने?"

"कूफा गेट. अँड अहमद अंकल फिनिश्ड शाम गेट!"

आता थाळात फक्त राजवाडा उरला होता. आपल्या पुढ्यातलंच खायचं, मधे हात घालायचा नाही, ही आमची रीत. चाचांनी विचारलं, "आणि हा मधला?"

"खलीफाज पॅलेस. सेम डिस्टन्स फ्रॉम ऑल गेट्स."

"म्हणजे सगळ्यांना सारखाच जवळ," चाचा हळूच म्हणाले. "इतकी वर्षं थाळावर जेवलो, पण असा विचार कधी केला नाही." मग त्यांनी खिशातून किल्ली काढून राजवाड्याशेजारी ठेवली. "यल्ला, चला बाई, सामान हलवा."

मित्रांनो, जुनी भांडी मोडीत काढू नका. त्यांना कलई करा, चौघांत मांडा. खरं बगदाद बांधायला चार वर्षं लागली म्हणतात. माझ्यावरचं चौघांनी दहा मिनिटांत फस्त केलं; पण दुसऱ्या दिवशी अकराही मुलं आत बसली.