दिव्यानीच्या नावावरचं गणित

प्रेमिलाने रिकामी टोपली पायरीपाशी पालथी घातली, लिंबाची फोड दोन्ही तळव्यांवर चोळली, नळाखाली हात धुतले आणि पदराला पुसत ती देवानंदच्या कंप्युटरच्या दुकानात शिरली. देवानंदने खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. ते तिच्यासाठीच असायचं. बाजारातून थेट आलेल्या मासळीवालीचा वास खुर्चीला लागला की मागाहून येणारी कॉलेजची पोरं कुरकुर करायची. त्याबद्दल तो कधी काही बोलला नव्हता आणि तिनेही विचारलं नव्हतं.

“दुपारी लाइन जाते,” देवानंद म्हणाला. “पटपट करा, बाई.”

पडद्यावर नाव आलं: दिव्यानी मनसाराम नागापुरे. प्रेमिलाने सातवा भाग उघडला. मासे बांधायला आणलेल्या कागदांतला एक कोरा तुकडा तिने मांडीवर घेतला आणि पेन्सिलीने मांडणी करू लागली. प्रश्न पुढे सरकत गेले. शेवटी पडद्यावर हिरवी चौकट उमटली. दिव्यानीचं अभिनंदन केलेलं होतं, खाली गुण होते. प्रेमिलाने चौकट मिटवली आणि तीच चाचणी पुन्हा सुरू केली.

“पास झालं ना?” देवानंद मागून म्हणाला.

“दोनतीन चुकले.”

“पास तं झालं. मंग पुन्हा काऊन?”

“काऊन चुकले ते पाहून राह्यली.”

देवानंद आपल्या टेबलाकडे गेला. भद्रावतीत त्याचं हे दुकान दोन वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. लोक इथे निकाल बघायला, अर्ज भरायला, कारखान्याच्या वसाहतीतली मुलं गाणी उतरवून घ्यायला यायची. कोणी चाचणी पास होऊन पुन्हा देताना त्याने पाहिलं नव्हतं.

दिव्यानी ही प्रेमिलाची नणंद. तिचं बी. एस्सी. एका गणिताच्या पेपरवर दोन वर्षं अडलं होतं. तेवढ्यात तिला मोहर्लीला एका रिसॉर्टच्या काउंटरवर नोकरी लागली, आणि गणित मागे पडलं. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात रिसॉर्टच्या मालकाने तिला सांगितलं की, पावसाळ्यानंतर जंगल उघडेल तेव्हा त्याला मॅनेजर लागेल. डिग्री हातात असेल तर ती जागा तिची. कॉलेजने मार्ग दाखवला. नागपूरच्या एका खाजगी संस्थेने संगणकावरचा अभ्यासक्रम काढला होता. तो ज्याने त्याने आपल्या सोयीने, हव्या त्या वेगाने करायचा. एकेक भाग वाचायचा, चाचणी द्यायची, पुढे जायचं. सगळे भाग झाले की चंद्रपूरला केंद्रावर बसून एक शेवटचा पेपर. तो निघाला की त्याचे गुण कॉलेज आपल्या हिशोबात धरणार होतं. कोणी हे सहा महिन्यांत करत होतं, कोणी महिन्यात.

पण उन्हाळा म्हणजे मोहर्लीचा हंगाम. पाणवठ्यावर वाघ दिसतो म्हणून गाड्यांची रांग लागायची आणि दिव्यानीला रविवारीही घरी येता येत नसे. एप्रिलात एकदा ती आली तेव्हा तिने संस्थेचा परवलीचा शब्द प्रेमिलाच्या तळहातावर पेनाने लिहिला.

“वहिनी, तुले येते हे. तू बाजाराले जातच असते. तेवढं करून टाक.”

प्रेमिलाला येत होतं. सिंदेवाहीला ती बारावी झाली होती, विज्ञान शाखेतून. पुढे बी. एस्सी.ला नाव घालायचं ठरलं होतं. त्याच उन्हाळ्यात गोपालचं स्थळ आलं. मुलगा मच्छीमार सोसायटीत होता, तलावात वाटा होता, घर चांगलं होतं. वाईट काहीच झालं नव्हतं. नऊ वर्षं तलावावरची मासळी पाटीत घालून ती भद्रावतीला नेत होती आणि संध्याकाळच्या एसटीने परतत होती.

मे महिन्यात तलावाचं पाणी उतरलं, मासळी भरपूर निघू लागली. प्रेमिला आता सकाळीच पाटी उपसून मोकळी व्हायचा प्रयत्न करी. भावासाठी घासाघीस करणारं गिऱ्हाईक आलं की ती लवकर सोडून देई. शेजारी बसणाऱ्या सीताने एकदा तिला हटकलं.

“मरळ एवढी सस्ती देऊन राह्यली. कुठी जाची घाई हाय तुले?”

“काम हाय,” प्रेमिला म्हणाली.

घरीही तिचं लक्ष नसायचं. खवले काढता काढता सुरी थांबायची. सासू बायनाबाई ओसरीवरून पाहायची आणि म्हणायची, “झोप लागली का तुले?” प्रेमिला मान हलवून पुन्हा सुरी चालवायची. काही वेळाने तिच्या ओठांवर हसू यायचं. ते कशाचं, हे विचारण्याइतकं विशेष कोणाला वाटलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा भाग संपला. हिरव्या चौकटीत दिव्यानीचं अभिनंदन होतं आणि आता केंद्रावरचा पेपर द्यायला ती पात्र असल्याचं लिहिलं होतं. प्रेमिलाने ते दोनदा वाचलं. मग तिने उजव्या कोपऱ्यातलं चिन्ह दाबून पान मिटवलं.

दिव्यानी सुट्टी टाकून आली, ती प्रवेशपत्र घेऊनच. दोघी परसात सावलीला बसल्या. दिव्यानीने प्रवेशपत्र तिच्यापुढे धरलं.

“फोटो पाय कसा आला. माहाच हाय का तुवा हाय, समजते का?”

फोटो खरोखरच काळपट होता. नाक आणि भांग तेवढे दिसत होते.

“तूच जाय, वहिनी. साडीच्या ऐवजी माहा ड्रेस घाल. तिथी कोन ओळखते आपल्याले?”

प्रेमिलाने कागद हातात घेतला, उलटा केला, परत दिला.

“नाई.”

“काऊन? एवढे सगळे तं केले तुनं.”

“ते केले. हे नाई करत.”

“भेव लागते?”

“भेव नाई,” ती म्हणाली. “दुकानात बसून केलं ते तुवं म्हणून केलं. तिथी जाऊन मी पेपर लिहीन आन् चांगला जाईन, आन् मंग बाहेर येऊन म्हणू का, की तुवा चांगला गेला?”

दिव्यानीने प्रवेशपत्राची घडी घातली. हे तिला अपेक्षित नव्हतं. वहिनी नियमाचं, पकडलं जाण्याचं काहीतरी बोलेल आणि आपण समजूत घालू, असं तिला वाटलं होतं.

“मंग शिकव मले,” ती शेवटी म्हणाली. तिच्या आवाजात राग होता.

पेपरपर्यंत जेवढे दिवस होते तेवढे दोघी दुपारी परसात बसल्या. ते जमलं नाही. प्रेमिला भरभर पुढे जायची. तिला एक पायरी दिसली की पुढच्या दोन आपोआप दिसायच्या, आणि मधल्या का गाळल्या हे तिला सांगता यायचं नाही.

“इथी हेच आधी काऊन घेतलं?” दिव्यानी विचारायची.

“दिसते ना ते.”

“तुले दिसते. मले नाई दिसत.”

एकदा प्रेमिलाने तिच्या हातातली पेन्सिल हिसकून घेतली आणि उदाहरण स्वतःच पूर्ण केलं. दिव्यानी उठून पाणी प्यायला गेली. ती परत आली तेव्हा प्रेमिला पुढचं उदाहरण सोडवत होती.

पेपरच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. दिव्यानी सकाळच्या गाडीने एकटीच चंद्रपूरला गेली आणि दिवस कलायच्या आत परतली. निकाल तिथेच पडद्यावर मिळत होता. ओसरीवर सासरे मनसाराम जाळ्याची फाटलेली घरं सांधत बसले होते. गोपाल तलावावरून नुकताच आला होता.

“काय झालं?” मनसारामांनी विचारलं.

“नापास.”

“असं कसं? तिथी कंप्युटरवर तं नव्वद-नव्वद येत व्हते म्हने तुले.”

दिव्यानीने चपला काढून भिंतीला लावल्या.

“ते मी नाई केले, बाबा. वहिनीनं केले. सगळेच्या सगळे.”

मनसारामांचा हात जाळ्यात थांबला. गोपालने बायकोकडे पाहिलं. ती बाजाराच्या दिवशी संगणकावर बसते हे त्याला माहीत होतं. दिव्यानीने दिलेली उत्तरं ती तिथे भरून येते, एवढंच त्याला ठाऊक होतं.

आधी बोलली ती बायनाबाई.

“सगळे तुनं केले,” ती प्रेमिलाला म्हणाली, “मंग हा एक पेपर द्याले काय झालं व्हतं तुले?”

प्रेमिलाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. भाताला उकळी आली होती.

“बोल ना. पोरीची नौकरी व्हती.”

“आई, राहू दे,” दिव्यानी म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर बायनाबाई सुनेशी कामापुरतंच बोलू लागली. पाऊस सुरू झाला, धानाची रोवणी सुरू झाली, तेव्हाही ती बांधावर दुसऱ्या बायांच्या ओळीत उभी राहायची. एकदा डोंगा पाण्यात लोटायला प्रेमिला गोपालला हात देत होती, तेव्हा त्याने विचारलं,

“बारावीत किती व्हते तुले गणितात?”

तिने सांगितलं. त्याने आकडा ऐकला, मान हलवली आणि वल्हं हातात घेतलं. डोंगा कमळांच्या पानांतून वाट काढत बराच आत गेला तरी ती काठावर उभी होती.

पावसाळ्यात जंगल बंद असतं, त्यामुळे दिव्यानी घरीच होती. श्रावणात एक दिवस हातपंपावर दोघी पाणी भरत असताना ती म्हणाली,

“मालकाचा फोन आलता. मॅनेजर ठेवला त्यानं. नागपूरचा पोरगा हाय.”

पंपाचा दांडा प्रेमिलाच्या हातात होता. तिने तो दोनदा दाबला.

“मी पेपर देल्ला असता तं—”

“तं मी झाली असती मॅनेजर,” दिव्यानी म्हणाली. तिने पाण्याने भरलेला पितळी गुंड डोक्यावर घेतला. वहिनीच्या मनाला लागावं म्हणून तिने हे म्हटलं नव्हतं, आणि लागू नये म्हणून सावरूनही घेतलं नाही. चार पावलं गेल्यावर ती थांबली. गुंडामुळे तिला मागे वळता येत नव्हतं.

“डिसेंबरात पेपर हाय पुन्हा,” ती समोर बघतच म्हणाली. “मी पयल्या भागापासून करीन म्हणते. ते जुने भाग खोडून मागितले मी संस्थेले.”

“एवढं काऊन? ते झाले व्हते ना?”

“ते तुवे व्हते.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी दोघी बरोबर निघाल्या. पाटी विकून झाल्यावर प्रेमिलाने हात धुतले. देवानंद दारात आला.

“दोन कंप्युटर द्या, भाऊ,” दिव्यानी म्हणाली.

“दोन कायले? अभ्यासक्रम तं तुमचा एकच हाय.”

“वहिनी आपल्या नावानं करून राह्यली.”

देवानंदने प्रेमिलाकडे पाहिलं. “तुमाले कोनत्या कामाचं, बाई? तुमी तं कॉलेजात नाई.”

“गुण जमा राह्यते म्हने,” प्रेमिला म्हणाली. “पुढं कधी डिग्री केली तं धरते.”

“हो, तसं हाय खरं.” त्याने कोपऱ्यातली दुसरी खुर्ची ओढली, तिच्यावरही वर्तमानपत्र पसरलं, आणि नवा अर्ज उघडून दिला. “नाव सांगा. पूर्ण.”

“प्रेमिला.”

“पुढं? नवऱ्याचं का वडलाचं?”

प्रेमिलाच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर वडलांचं नाव होतं. मतदार यादीत, रेशनकार्डावर, सोसायटीत गोपालचं. तिने पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. देवानंदची बोटं कळांवर थांबली होती. बाहेर एसटी स्टँडवर कंडक्टर चंद्रपूरचं नाव घेऊन ओरडत होता.

“सरका,” ती म्हणाली. “मी लिहीन.”

तो उठला. तिने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, गुणपत्रिकेवरचं नाव लिहिलं. मग पुसलं. मग पुन्हा तेच लिहिलं आणि पुढे गेली. काही वेळाने पहिला भाग उघडला. हे सगळं तिने एप्रिलात केलं होतं. डोळे मिटूनही आलं असतं. तरी तिने पहिलं पान वरपासून वाचायला घेतलं.

शेजारच्या खुर्चीवरून दिव्यानी तिच्याकडे झुकली.

“वहिनी, हे पयलंच पाय ना. इथी काय विचारून राह्यले?”

प्रेमिलाने मान वळवली नाही.

“थांब जरा,” ती म्हणाली. “मी वाचून राह्यली.”