टँकरच्या लाईनीतली जर्मन

"सर, टँकर!" असं कुणीतरी ओरडायचा अवकाश, माझा जर्मनचा वर्ग रिकामा झाला. पाच मुली, पाचही नर्स, वह्या उघड्या टाकून धडाधडा जिना उतरल्या. फळ्यावर मी 'माझे नाव', 'माझे गाव' अशी दहा सभ्य वाक्यं लिहिली होती. ती वाचायला मी एकटा उरलो. २०१६चा एप्रिल होता. लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं आणि आमच्या गल्लीत टँकर आठ दिवसांनी. अशात कोण कशाला बसेल वर्गात? मीही घागर उचलली आणि खाली गेलो.

खाली भांडण जुंपलं होतं. आमच्या गल्लीतला व्यंकटी, दारासारखा धिप्पाड माणूस, आपला ड्रम लाईनीत मध्येच घुसवत होता. त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून माझी विद्यार्थिनी चांगुणा उभी होती.

"ओ काका, कुठं घुसायलात? दिसत न्हाई का? सकाळी सातपासून घागर लावलीय म्या. ड्रम मागं घ्या, न्हाईतर लाथ घालीन ड्रमला!"

"लई बोलायलीस गं पोरी."

"बोलणारच! माझा नंबर हाय."

व्यंकटीनं ड्रम मागे घेतला. मुकाट्यानं! मी तोंडाचा आ करून बघत राहिलो. कारण हीच बाई सात महिने माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत होती आणि तोंडातून ब्र काढत नव्हती.

चांगुणा किल्लारीची. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात जन्मलेली, म्हणून त्यात गेलेल्या आजीचं नाव तिला ठेवलं. लेखी परीक्षेत ती पाचांत पहिली. पण बोल म्हटलं की मान खाली. जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमाला नर्स हव्या होत्या, एजन्सीनं लॅपटॉपवर मुलाखत ठेवली, तर ही वीस मिनिटं ओढणीचं टोक पिळत बसली. एजन्सीवाल्यानं मला स्पष्ट सांगितलं, "सर, पुढच्या महिन्यात अजून एकदा बसवतो. तेव्हाही मुकी राहिली तर नाव कट."

मी तिला एका शब्दानं रागावलो नाही. कोणत्या तोंडानं रागावणार?

माझं सांगतो. मी वीरभद्र, मूळचा निलंग्याचा. १९८२ला लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला. नवा जिल्हा, नवी ऑफिसं, नवे साहेब. त्याच धामधुमीत मला एका साखर कारखान्यात स्टोअरकीपरची नोकरी लागली. कारखान्याचं टर्बाइन जर्मनीहून आलेलं, त्याची जाडजूड पुस्तकं जर्मन भाषेत, आणि ती वाचणारा पंचक्रोशीत कुणी नाही. मी पुण्याहून डिक्शनरी मागवली आणि हट्टानं तीन वर्षांत सगळी पुस्तकं मराठीत उतरवून काढली. वंगण कुठं घालायचं, नट किती आवळायचा, सगळं मला जर्मनमध्ये पाठ. पण ही भाषा मी डोळ्यांनी शिकलो. कानांनी ऐकली नाही, तोंडानं उच्चारली नाही.

पुढे सत्याऐंशी साली टर्बाइन बघायला खरा जर्मन इंजिनिअर आला. मॅनेजरसाहेबांनी मला मोठ्या अभिमानानं पुढे केलं. इंजिनिअरनं हसून काहीतरी विचारलं. मला सगळं कळलं हो! प्रवास कसा झाला ते सांगून तो विचारत होता, की ही पुस्तकं तुम्ही एकट्यानं वाचलीत का. आणि माझी दातखीळ बसली. तो थोडा थांबला. मग त्यानं अंगातला कोट काढला आणि माझ्या हातात दिला. त्याला वाटलं, हा शिपाई असणार. तो कोट हातावर घेऊन मी संध्याकाळपर्यंत त्याच्या मागे फिरलो. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. आजही आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुष्काळात ऊस गेला, उसामागे कारखाना बंद पडला आणि मी घरी बसलो. तेव्हा हा वर्ग काढला. उच्चार मोबाइलवर ऐकवायचे आणि आपण फळ्यावर लिहायचं, असं माझं चाललं होतं. मुलींना वाटायचं, सर कडक आहेत, म्हणून कमी बोलतात.

त्या टँकरच्या दिवशी मी वर आलो आणि फळा पुसला.

"उद्यापासून 'माझे नाव' बंद," मी म्हणालो. "येताना घागरी आणा. भांडायचं."

"आं? कुनाशी, सर?" महानंदानं विचारलं. ती वर्गातली सगळ्यात बोलकी.

"एकमेकींशी. जर्मनमध्ये."

दुसऱ्या दिवशी बाकं भिंतीला लावली आणि पाच घागरींची लाईन केली. पहिलं वाक्य फळ्यावर लिहिलं: 'येत्स्ट बिन इश ड्रान', म्हणजे आता माझा नंबर. महानंदानं चांगुणाची घागर पायानं मागे सारली. चांगुणा बघत राहिली. महानंदानं अजून सारली आणि वर डोळाही मारला. तेव्हा मात्र चांगुणाचा आवाज असा काही फुटला, की खालच्या किराणा दुकानातला माणूस वर बघायला आला.

मग काय विचारता! वर्गात भांडणं, जिन्यात भांडणं आणि टँकर आला की खऱ्या लाईनीत भांडणं. माझ्या शेजारच्या धोंडाबाई एकदा विचारत्या झाल्या, "कोन्या देवाचं म्हनायलात गं पोरींनो?" व्यंकटीला वेगळाच संशय. "सर, खरं सांगा, ह्या मला शिव्या द्यायल्यात का?" मी म्हटलं, नाही, सध्या तरी नाही. रागाच्या भरात जमलेली वाक्यं हळूहळू इतर कामांनाही यायला लागली. चांगुणा ड्यूटीवरच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगायला लागली, तोडक्यामोडक्या, पण न थांबता.

एकदा लाईनीत तिनं माझीच घागर मागे सारली आणि समोर उभी राहिली. "बोला सर."

मी घागर अजून थोडी मागे घेतली आणि घसा बसलाय म्हणालो.

तिनं माझी घागर उचलून परत जागेवर ठेवली. तिला कळलं. सात महिने मुकी राहिलेल्या पोरीला ते कळणारच. वर्गात तिनं कुणाला सांगितलं नाही, एवढे उपकार.

मुलाखत मे महिन्यात झाली, माझ्याच वर्गात. लॅपटॉपवर पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या. मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो. बाईंनी विचारलं, म्हातारा रुग्ण चिडला, ताट ढकलून दिलं, तर काय करशील? चांगुणा म्हणाली, "चिडू देईन. मीही थोडी चिडेन. मग आम्ही दोघं जेवू." बाई खळखळून हसल्या. मी आनंदानं मांडीवर थाप मारली, आणि तिथंच घोळ केला.

बाईंचं हसू थांबलं आणि त्या विचारायला लागल्या. खोलीत कुणीतरी आहे का? कुणी उत्तरं पुरवतंय का? असं चालणार नाही. जे कोणी आहे, त्यांनी पुढे येऊन बोलावं.

मी उठलो, लॅपटॉपसमोर उभा राहिलो. मला प्रत्येक शब्द कळला होता. आणि दातखीळ बसली. तीच. सत्याऐंशी सालची. बाई वाट बघत होत्या. मी नाही बोललो, तर पोरीचं नाव कट. हे मला कळत होतं, आणि जीभ हलत नव्हती.

चांगुणा स्क्रीनकडेच बघत, ओठ न हलवता पुटपुटली, "सर, बाई घागर सरकवायली तुमची."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी बोललो. मोठ्यानं, लाईनीत बोलावं तसं. म्हणालो, मी हिचा शिक्षक. हिला कुणी काही पुरवत नाही. मला पुरवता येत नाही, कारण मी ही भाषा फक्त वाचली आहे. आज छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा बोलतोय. बोलायला मला हिनं शिकवलं.

बाई स्क्रीनजवळ सरकल्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही जर्मनीत किती वर्षं होता?"

"एकही दिवस नाही," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली, आणि चांगुणाला पुढचा प्रश्न विचारला. मी स्टुलावर येऊन बसलो. डोळे भरून आले होते. ते पुसायची लाज वाटली नाही.

परीक्षा, कागदपत्रं, व्हिसा यात पुढचं वर्ष गेलं. ती निघाली तीही मे महिन्यातच. विमान हैदराबादहून, म्हणून लातूरच्या स्टँडवर हैदराबादची गाडी. ऊन मी म्हणत होतं. किल्लारीहून तिचे वडील मारोतीराव आले होते. "जय भीम, सर," म्हणाले आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. चांगुणाजवळ दोन बॅगा आणि एक जाड लोकरीचा कोट होता. बॅगेत मावला नव्हता. गाडीत चढताना तिनं तो माझ्या हातात दिला.

मारोतीराव धावले. "सर, तुमी कामून धरायलात? आना इकडं."

"राहू द्या," मी म्हणालो. "मी धरतो."

मी कोट हातावर नीट घडी घालून घेतला. बॅगा वर टाकून ती खिडकीशी आली आणि हात बाहेर काढून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा जर्मनमध्ये ओरडली, "सर, माझा कोट! आता माझा नंबर!"

माणसं वळून बघायला लागली. मी मुद्दाम घाई केली नाही. कोटावरची धूळ झटकली, खिडकीतून आत दिला आणि तिच्याइतक्याच मोठ्यानं जर्मनमध्ये सांगितलं, "उतरलीस की लगेच घाल. तिकडे थंडी असेल."

गाडी गेली. लोकरीखाली माझा हात घामानं भिजला होता. मी तो तसाच ठेवून मारोतीरावांबरोबर चहाला गेलो.